मागच्या दारावरचे जॉइंट

३ फेब्रु., सोम.
आमच्या टेलिफोन खात्याची व्हॅन शनिवारी भंगारात जाणार. साहेब म्हणाले, जरा बरी दिसू द्या. बावीस वर्षं हिनं माझी शिडी, केबल, डबा सगळं वाहिलं, म्हणून हौसेनं आतून-बाहेरून रंगवली. लग्नाला निघाल्यासारखी दिसते. अहमदपूर एक्स्चेंजात सगळे हसले. मीही.

४ फेब्रु.
जळकोट रोडच्या हमीदभाई टेलरांचा फोन बंद. त्या रस्त्यावर तांब्याच्या तारेवरचा हा शेवटचा. उदगीरच्या त्यांच्या बहिणीला दिसत नाही, बोटांना एवढाच नंबर पाठ. साहेब : "शनिवारपर्यंत फॉल्ट सापडला तर ठीक, नाहीतर लाइन कायमची बंद."
फॉल्ट जमिनीखालच्या जॉइंटात, म्हणजे केबलच्या जोडात. कुठला जॉइंट कुठं पुरलाय ते व्हॅनच्या मागच्या दारावर आतून लिहिलेलं. तेच दार मी काल रंगवलं. शाबास.

५ फेब्रु.
दिवसभर दार पॉलिशपेपरनं घासलं. ड्रायव्हर महेबूबभाई : "रंग मारायच्या आदी वाचलं न्हाई का?" रोज दिसणारं कोण वाचतं. शेवटी उमटलं : 'लिंबापासून रस्त्याकडं १४ पावलं.' अक्षर गंगाधरकाकांचं. आमचे जुने जॉइंटर, आता रिटायर होऊन रेणापूरला.

६ फेब्रु.
हमीदभाईंच्या दुकानाजवळच्या कडुलिंबापासून एकदा माझ्या पावलांनी मोजून खणलं, एकदा सहा फुटी काकांच्या ढांगांच्या अंदाजानं. दोन्हीकडे नुसती माती. हमीदभाईंनी चहा पाठवला, तक्रारीचा शब्द नाही. त्यानंच जास्त वाईट वाटलं.

७ फेब्रु., शुक्र.
सकाळीच रेणापूर. काका व्हॅनमध्ये पुढं बसले ते अगदी ऐटीत. लिंबाजवळ उतरले. एक हात गुडघ्यावर, एक माझ्या खांद्यावर, पण ढांगा अजून तशाच. नवव्या पावलाला थांबले.
"हितं खण."
"काका, दारावर चौदा हाय."
"पाच वजा करायचे असतेत. मला सोडून कुणी खणू नये म्हणून तसंच लिवायचो."
कालची दोन्हीकडची खणाई आठवून राग यायला हवा होता. हसूच आलं. महेबूबभाई तर खालीच बसले. मग खणलं, दोन हातांवर जॉइंटवरच्या विटा लागल्या. उद्या सकाळी उघडायचा. आत तार किती सडलीय, देव जाणे. व्हॅन उद्याच अकरा वाजता जाणार.
परतताना विचारलं, बाकीच्या सगळ्या जॉइंटांचेही पाचच वजा करायचे का?
"ते कशाला सांगू? तवा बी मलाच बोलवा. यष्टीनं यीन."
बरं म्हणालो. त्या बाकीच्या जॉइंटांवरच्या लाइनी कधीच बंद झाल्या, हे महेबूबभाईही बोलले नाहीत.