माती मऊ होईपर्यंत

१४ मार्च १९७८

प्रिय वेंडेल,

आज सकाळी दफनभूमीत जाऊन आले. रस्ता चिखलाचा, पण जमीन अजून दगडासारखी. कबरी खणणाऱ्या ओरिनने पहार मारून दाखवली. म्हणाला, "बाई, जजसाहेब आयुष्यभर तारखा देत आले, आता त्यांना तारीख पडलीये. मे महिना." मला हसू आलं. आपल्याकडे जमीन गोठते, हिवाळ्यात गेलेल्या माणसाला पुरायला वाट पाहावीच लागते. तुझे बाबा पाच आठवडे तिथल्या दगडी खोलीत आहेत. घरी येऊन सूप गरम केलं, थोडं खाल्लं.

बाबा गेल्याचं कळवलं, त्या दिवशी फोनवर तू म्हणालास, "नऊ वर्षांत त्यांनी माझं एक पत्र उघडलं नाही. आता कशाला येऊ?" मला पटकन बोलता येत नाही, तुला ठाऊक आहे. आणि तू म्हणालास ते खरंही होतं.

लष्कराची सक्तीची भरती चुकवून तू कॅनडात गेलास, त्याच महिन्यात ती भरती नाकारली म्हणून कॉर्लिसांच्या घरचा डेल बाबांच्या कोर्टात उभा राहिला. बाबांनी त्याला तीन वर्षं तुरुंगवास दिला. घरी आल्यावर कोट न काढता जिन्यावर बसून राहिले. डेलची आई त्यानंतर चर्चमध्ये आमच्या बाकावर कधी बसली नाही. पुढे राजदूत म्हणून बाबांचं नाव निघालं, तेव्हा सिनेटच्या समितीत विचारलं, "मुलाशी पत्रव्यवहार आहे?" शपथेवर बाबा म्हणाले, "मी त्याला एक ओळ लिहिलेली नाही, त्याचं एकही पत्र उघडलेलं नाही." मी मागच्या रांगेत होते. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता.

पत्रं मी उघडायचे. तुझं पाकीट आलं की बाबा पेपर घेऊन अभ्यासिकेत जायचे आणि दार अर्धं उघडं ठेवायचे. मी बाहेरच्या खुर्चीत बसून मोठ्याने वाचायचे. पहिल्यांदा आतून आवाज आला, "मार्था, तुला हल्ली स्वतःशी बोलायची सवय लागलीये." मी म्हटलं, "म्हातारी झाले." नंतर त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. राजदूत म्हणून गेले, तिकडच्या वाळवंटातही तसंच. पंख्याचा आवाज मोठा, म्हणून ते पंखा बंद करून घामाघूम बसायचे. तुझ्या लाकडाच्या वखारीतल्या मालकाच्या गमती ऐकून आत खाकरायचे. ते त्यांचं हसू. तुझं बोट कापलं, ते पत्र मला दोनदा वाचावं लागलं, पहिल्या वेळी ते म्हणाले, "आवाज नीट येत नाही." हे तुला कळवायचं नाही, असं त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं.

नवे अध्यक्ष आले, रिवाजाप्रमाणे बाबांनी राजदूतपदाचा राजीनामा दिला. भरती चुकवलेल्या तुम्हा मुलांना माफीही त्याच महिन्यात मिळाली. आता शपथ कुठे आड येत होती? तरी वर्षभर रविवारी कागद पुढे घेऊन बसायचे आणि उठायचे. एकदा म्हणाले, "डेल आत बसून आला. माझ्या पोराला कोणत्या तोंडाने घरी बोलावू?"

जानेवारीत तुझं शेवटचं पत्र आलं. त्यात होतं, "बाबांना विचार, मी येऊ का?" ते वाचून मी थांबले. मग आतून म्हणाले, "त्याला सांग, आता रस्ते वाईट आहेत. बर्फ जाऊ दे, माती मऊ होऊ दे, मग ये." मी म्हटलं, "स्वतःच लिहा की. हात आहेत ना?" म्हणाले, "लिहितो, लिहितो. उद्या." तेवढं मी तुला लगेच कळवायला हवं होतं. मला वाटलं, एवढं तरी त्यांच्या हातचं जावं. ती चूक माझी. तीन आठवड्यांनी ते गेले. टेबलावरच्या कागदावर तारीख आणि तुझं नाव, बाकी कोरा. सोबत पाठवते आहे.

वेंडेल, म्हणून हे लिहिलं. तुला त्यांनी बोलावलं होतं, आणि वेळ अजून गेलेली नाही. ओरिन म्हणतो मेचा दुसरा आठवडा. तू येईपर्यंत थांबायला मी सांगितलं आहे.

पाकीट बंद करण्याआधी हे एकदा मोठ्याने वाचून काढते. अभ्यासिकेचं दार अर्धं उघडं आहे.

तुझीच,
आई