गाडी उभी आहे ना

१८ जून, बुधवार
जुनी गाडी सकाळी गेली. निनाद बारावीत होता तेव्हा घेतलेली. शोरूमचा माणूस घेऊन गेला. सोसायटीच्या गेटपाशी दुसरा गिअर टाकताना नेहमीसारखी कुरकुरली. ह्यांनी बाल्कनीतून ऐकलं. "गेली," म्हणाले. काचबिंदूने एक डोळा पूर्ण गेला, दुसऱ्याने उजेड-अंधार तेवढा कळतो. पण आयुष्य कारखान्याच्या टूलरूममध्ये यंत्रांचे आवाज ओळखण्यात गेलेलं, कान शाबूत आहेत.

नवी गाडी निनादने बंगळूरला बसून बुक केली. "आई, तुझ्या सेफ्टीसाठीच." क्लच नाही, गिअरचा दांडा नाही, किल्ली खुपसायची नाही. मध्ये एक गोल चकती: मागे, न्यूट्रल, पुढे. उभी करायची तर चकतीशेजारी P चं छोटं बटण. बाकी सगळं, एसी, दिवे, काचेवरचा वारा, टीव्हीसारख्या पडद्यावर. शोरूमच्या मुलीने भराभर दाखवलं. मी मान हलवत राहिले. शाळेत शिकवायचे तेव्हा वर्गात मुलं अशीच मान हलवायची. मला तेव्हा बरोबर कळायचं की पोरांना काही कळलेलं नाही.

२७ जून, शुक्रवार
ह्यांच्या डोळ्याचा दाब तपासायला चिंचवड. दर महिन्याची फेरी. तिथला लांब व्हरांडा ह्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही, म्हणून दारात गाडी थांबवून मी आतून व्हीलचेअर आणते.

सोमाटणे फाट्यावर एक मोटरसायकलवाला डावीकडून आडवा आला. मी बघितलं होतं, पाय उचललाही होता. पण त्याआधी गाडीने स्वतःच करकचून ब्रेक मारला. पडद्यावर लाल अक्षरं, पीं पीं पीं. ह्यांचं डोकं पुढे गेलं, पट्ट्याने अडलं. मागचा टेम्पो अगदी टेकून थांबला. टेम्पोवाला खाली उतरून, "काकू, मधीच काय थांबताय?"

मी नाही थांबले. हे कोणाला सांगणार?

हे विचारत होते, "काय लिहिलंय पडद्यावर?" मी वाचेपर्यंत अक्षरं गेली.

परत येताना सगळा वेळ डावीकडूनच, हळू चालवली. तीस वर्षं गाडी चालवते आहे, घाटातून, पावसातून. असं कधी झालं नव्हतं.

६ जुलै, रविवार
लोणावळ्याला नणंदेकडे. रविवारी जाऊ नये हे माहीत असून गेलो, कुसुमताई पडल्या होत्या म्हणून. भुशी धरणाकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग, धुकं.

रांगेतच काच आतून धुरकटली. जुन्या गाडीत एक खटका होता, हात आपोआप जायचा. इथे पडदा. घराचं चित्र, गाण्याचं चित्र, फोनचं चित्र. मी दाबलं तर सीट गरम व्हायला लागली. पुन्हा दाबलं, नकाशा आला.

हे शांतपणे, "वर जाणाऱ्या वाकड्या रेघा असतील बघ. तीन."
"नाहीत."
"असणार. शोध."

दिसणाऱ्या बाईला न दिसणारा माणूस सांगत होता. समोर काहीच दिसेना. मागून बस हॉर्न देत होती. शेवटी खिडकी उघडून डोकं बाहेर काढून चालवली, रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा बघत. पाऊस तोंडावर. ह्यांनी माझा पदर हातात धरून ठेवला होता. का, ते विचारलं नाही. बहुधा मी खिडकीतून पडेन असं वाटलं असेल.

रेघा कुसुमताईंच्या दारात गाडी उभी केल्यावर सापडल्या. एका चित्राच्या आतल्या चित्रात.

२२ जुलै, मंगळवार
पहिली सर्व्हिसिंग. "सॉफ्टवेअर अपडेट करून दिलंय, मॅडम." काय बदललं विचारलं. "काही विशेष नाही."

एक मात्र आता आवडायला लागलंय. चढावर ब्रेकवरचा पाय काढला तरी गाडी जागेवर धरून ठेवते. हिरवं अक्षर लागतं. बाकी सगळं भीती घालणारं, हे एक मायेचं.

२७ जुलै, रविवार
आजच लिहून ठेवते. नंतर मलाच खरं वाटणार नाही.

मळवलीला शेतावर गेलो होतो. आमचं शेत वाट्याने करणाऱ्या बबनभाऊंनी भाताची लावणी उरकली, बघायला या म्हणाले होते. रस्त्यापासून घरापर्यंत चढ आहे, मध्ये फाटक. फाटक बंद. चढावर गाडी थांबवली. चकती फिरवली, बटण दाबलं. दाबलं. उतरले. हे आत बसलेले.

कडी गंजलेली, दगडाने ठोकत होते. मागे आवाज काहीच नाही. ही गाडी बॅटरीवर असली की तिला आवाजच नसतो. वरून बबनभाऊ ओरडले, "ताई, गाडी! गाडी मागं चाललीया!"

वळले. गाडी माझ्यापासून लांब जात होती. हळू, कोणीतरी नीट चालवत असल्यासारखी. काचेमागे हे, काळा चष्मा, तोंड माझ्याकडे. ओठ हलत होते. शेजारच्या रिकाम्या सीटशी बोलत होते.

धावले. चप्पल चिखलात राहिली. मला वाटतं मी ओरडलेच नाही. खाली रस्ता, रविवारच्या गाड्या. रस्त्याच्या थोडं अलीकडे गाडी तिरकी झाली, मागचं चाक बांधावरून खाचरात उतरलं आणि ती कलून थांबली. त्याच वेळी खालून एक जीप गाणी लावून भरधाव गेली.

दार उघडलं. ह्यांचा हात माझ्या सीटवर चाचपडत होता.

"एवढं मागे कशाला घेतलंस? आणि बोलत का नाहीस?"

मी तो हात धरला. मी बाहेरून बोलले असते तर मी गाडीत नव्हतेच हे त्यांना कळलं असतं.

बबनभाऊ आले. "सायेबांना लागलं का? न्हाई ना? मग ऱ्हाऊ द्या. गाडीचं बघू, ती कुटं जातीय." ट्रॅक्टर लावून ओढली. त्यांची बायको मला पाणी देत राहिली. मी तांब्या धरला होता, प्यायचं सुचत नव्हतं.

हिरवं अक्षर लागलं होतं का? आठवत नाही.

२८ जुलै, सोमवार
सकाळी चहाच्या वेळी विचारलं, "काल भीती वाटली?"
"नाही. तू होतीस ना."
मग कप खाली ठेवून, "म्हणजे, मला वाटलं होतीस."

३१ जुलै, गुरुवार
गाडी दाखवली. सर्व्हिसचा माणूस तपासून आला. सभ्य, हळू बोलणारा.
"मॅडम, फॉल्ट काही दिसत नाही. न्यूट्रलला राहिली असेल."
"मी बटण दाबलं होतं."
"नीट दाबलं गेलं नसेल."
"आणि चढावर धरून ठेवते ती?"
"ते सेटिंग अपडेटनंतर बंद होतं. पुन्हा चालू करावं लागतं. पडद्यावर तसा मेसेज येतो."
"मला नाही आला."
"येतोच, मॅडम. ओके केल्याशिवाय जात नाही."

म्हणजे मी ओके केलं. कधी? पीं वाजलं की मी ओके करते. सगळ्यालाच करते. न वाचता.

पण बटण. ते बोटाला आठवतंय. बोटाखालचा तो कट्. तो त्या दिवशीचा, की आधीच्या कुठल्या दिवसाचा? कालपर्यंत शपथेवर सांगितलं असतं. आज...

५ ऑगस्ट, मंगळवार
एकटीच डॉक्टरांकडे गेले. घरी सांगितलं, बी.पी. दाखवायला.

खरं कारण मावशी. तिचं असंच सुरू झालं होतं. गॅस बंद केलाय म्हणायची, ठामपणे. अन् गॅस चालू असायचा.

डॉक्टरांनी वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, घड्याळ काढायला लावलं. तीन शब्द दिले, नंतर विचारले. कंदील, पेरू, पायरी. सगळं बरोबर. "वयाच्या मानाने उत्तम आहे, बाई. काळजी सोडा."

जिना उतरून खाली आले आणि गाडी कुठे लावली आठवेना. रस्त्यावर पुढे-मागे बघत राहिले. मग लक्षात आलं, रिक्षाने आले होते.

गाडीत दोष नाही म्हणतात. माझ्यात दोष नाही म्हणतात. मग त्या दिवशी काय झालं? दोघांपैकी कोणाला तरी दोष निघाला असता तर बरं झालं असतं. निदान कोणाला घाबरायचं ते कळलं असतं.

८ ऑगस्ट, शुक्रवार
चिंचवडची फेरी चुकली. टॅक्सी बोलावली, वाटेत आहे म्हणाला, मग रद्द. दुसरी बोलावली, तीही रद्द. तळेगावात हे नेहमीचं. हे कपडे करून खुर्चीत बसून होते. "जाऊ दे, पुढच्या आठवड्यात."

मला म्हणाले नाहीत, गाडी काढ. मीही म्हटलं नाही, काढते.

१२ ऑगस्ट, मंगळवार
निनादचा फोन. "आई, गाडी दहा-बारा दिवस हललीच नाही?"
"तुला काय माहीत?"
"फोनवर दिसतं ना मला."

इथे खाली उभी असलेली गाडी त्याला तिथून दिसते.

"आणि मळवलीला त्या दिवशी शेतात काय करत होती? रस्ता सोडून?"
"लावणी बघायला घेतली आत. बबनभाऊंकडे जेवलो."
"सांभाळून हां. झेपत नसेल तर सांग, ड्रायव्हर बघू. नाहीतर दोघं इकडे या, किती वेळा सांगू?"

हे शेजारी बसून ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "शेतात चिखलात गाडी आत घेतली? त्याला पटलं असेल?"

सांगितलं तर गाडी जाईल. गाडी गेली की मळवली जाईल, मग तळेगाव. बंगळूरच्या अकराव्या मजल्यावर ह्यांनी कशाच्या आवाजावर दिवस काढायचा?

१५ ऑगस्ट, शुक्रवार
संध्याकाळी हे म्हणाले, "ट्यूब लाव की. अंधारात काय बसलीस?"
ट्यूब लावलेली होती.
मी उठले, बटण बंद केलं, पुन्हा चालू केलं. "लावली."
"हं. आता बरं."
त्यांना फरक कळला की माझा आवाज ऐकून म्हणाले, माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही. दवाखान्याला फोन करून सोमवारची वेळ घेतली. टॅक्सीचं काही खरं नाही.

१७ ऑगस्ट, रविवार
दुपारी दोघं खाली गेलो. सोसायटीच्या मागे मोकळी जागा आहे, थोडी उताराची. पोरं सुट्टीची कुठेतरी गेलेली, कोणी नव्हतं. काल बसून चढावर धरून ठेवायचं ते सेटिंग शोधून चालू केलं होतं. आज तरीही पाय उचलायचा धीर होईना.

उतारावर थांबले. चकती. बटण. पडद्यावर P. मोठ्याने वाचलं. ब्रेकवरून पाय काढला. गाडी हलली नाही. पुन्हा पुढे घेतली, पुन्हा थांबले, पुन्हा तेच. प्रत्येक वेळी हे हात लांब करून माझं कोपर चाचपत होते. मळवलीहून परतताना वाटभर हेच करत होते, मी आहे का बघत.

मग म्हणाले, "आता उतर."
"तुम्ही पण उतरा."
"मी बसतो. उद्या दवाखान्याच्या दारात तुला उतरून व्हीलचेअर आणावीच लागेल की."
"तुम्हाला भीती नाही वाटत?"
"वाटते. त्या दिवशी नव्हती वाटली, आता वाटते." दाराच्या वरचं हँडल त्यांनी दोन्ही हातांनी धरलं. "उतर. आणि बोलत राहा."

उतरले. दार उघडंच ठेवलं. समोर जाऊन उभी राहिले. काचेमागे हे, मान थोडी वाकडी, ऐकत.

"मी समोर आहे," म्हटलं.
"गाडी?"
"उभी आहे."
"बरं."

बोलत राहिले. काय बोलले आठवत नाही, पाऊस थांबलाय, पलीकडच्या वॉचमनने मका लावलाय, असलंच काहीतरी. नजर चाकावर. चाकाजवळ एक पिवळं पान पडलं होतं, त्याच्याशी जुळवून बघत होते. चाक सरकलं नाही. सरकल्यासारखं वाटायचं, पुन्हा बघितलं की तिथेच.

उद्या व्हीलचेअर आणायची तर गाडीकडे पाठ करून आत जावं लागेल. तेवढंच राहिलं होतं. वळून चार पावलं चालायचं. ह्यांनी आतून विचारलं, "लांब गेलीस का?"

"जातेय," म्हटलं. पण वळले नव्हते.