मनीप्लँटला पाण्याची पाळी

मु. केंदूर, ता. शिरूर
मंगळवार

व्याही सोपानराव यांस केंदूरहून पोपटरावाचा मनापासून रामराम. तुमचा गुडघा आता कसा हाय? नातीचं वजन वाढलं, हे आमच्या सत्यजीतकडून कळलं, बरं वाटलं. अनुपमा नीट जेवते ना? इकडं सगळं खुशाल हाय. म्हंजी माणसं खुशाल हायेत.

फोनच केला असता, पण तुमचा फोन कायम अनुपमाच्या हातात, आन् तोही स्पीकरवर. म्हणून हे पत्र. (सोसायटीच्या अर्जाशिवाय मी चाळीस वर्षांत काही लिहिलेलं न्हाई, तवा अक्षराकडं बघू नका.)

बाळंतपणाला तुमच्याकडं दौंडला निघताना सूनबाईनं हॉलमधल्या सात कुंड्या माझ्या हवाली केल्या. त्यातली एक मनीप्लँटची. तुम्हाला ठावं हाय ती. विहीणबाई गेल्या त्या वर्षी तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या त्यांच्या वेलाची कांडी आणून अनुपमानं लावलेली. "आबा, बाकीच्या गेल्या तरी चालंल, एवढी जपा," म्हणाली आन् गाडीत बसली. मी हसलो. ज्याचा कांदा बघायला व्यापारी बांधावर येतात, त्याला एक कुंडी जड जाणार होय, असं वाटलं मला.

आता आमच्याकडं पाणी द्यायचं ते लाईट बघून. थ्री फेज आली की मोटार चालू, आधी कुंड्या, मग कांदा. चार दिवसांत कुंड्यांच्या बुडातनं पाणी फरशीवर यायला लागलं आन् आमच्या पुतळाबाईंचं तोंड सुरू झालं, तवा मी सातही भोकं चिखलानं बुजवून टाकली. (शेततळं गळायला लागल्यावर आपण बुजवत न्हाई का, तसंच.) पुढं आठ दिवसांत पानं पिवळी. पिवळं पान म्हंजी नत्र कमी, हे मला झोपेतसुद्धा कळतं, म्हणून चिमूट चिमूट युरिया टाकला. (चिमूट माझ्या हिशेबानं. हिच्या हिशेबानं ती मूठ होती.) मग पानांच्या कडा करपल्या. ऊन कमी पडत असंल म्हणून कुंड्या गच्चीवर नेल्या, तर दोन दिवसांत पानांवर भाजल्यासारखे डाग. परत खाली आणल्या, तर बेचक्यांत पांढरा कापूस दिसला. पिठ्या ढेकूण, डाळिंबाला येतो तोच. हे दुखणं वळखीचं निघालं म्हणून मला आनंदच झाला. पाठीवरचा पंप चढवला, निंबोळी अर्क भरला आन् हॉलमध्ये बूट घालून फवारणी केली. सोफा, टीव्ही, मला कारखान्यात सत्कार झाला तो फोटो, सगळ्याला एकसारखा हात बसला. पुतळाबाई दोन दिवस ओसरीवर स्वयंपाक करत होत्या.

शेवटी मनीप्लँट गाडीला बांधून कोरेगाव भीम्याला हायवेवरच्या नर्सरीत नेली. तिथली मालकीण भाग्यश्री, असंल तिशीची. तिनं काही न विचारता कुंडी उलटी केली आन् रोप बाहेर काढलं. मुळं काळी पडलेली, घाण वास येत होता. मग म्हणाली, "आबा, कांद्याच्या वाफ्यात पाणी तुंबलं तर काय करता?"

"चर काढून देतो, न्हाईतर कांदा सडतो," मी म्हणालो.

"मग ह्याचं भोक कुणी बुजवलं?"

पाव्हणं, एवढ्या झाडांत मला तोंड लपवायला जागा सापडंना.

तिनं काळी मुळं कापली, वाळू आन् नारळाचा भुसा घातलेल्या नव्या मातीत रोप लावलं, स्पिरिटच्या बोळ्यानं ढेकूण पुसून काढले. बजावलं की बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी, लाईट आली म्हणून न्हाई. खिडकीचा उजेड हवा, उन्हाचा तडाखा नको. नवं पान फुटंपर्यंत खत बंद. घरी येऊन मी बाकीची भोकं मोकळी केली आन् हाच नेम सातही कुंड्यांना लावला. आता रोज सकाळी बोटाला माती लावून चहाला बसतो.

सहा कुंड्या सावरल्या. मनीप्लँटची मात्र वीतभर काडी आन् दीड पान उरलंय. भाग्यश्री म्हणाली, फुटंल न्हाईतर न्हाई. अनुपमा रविवारी नातीला घेऊन येणार. खरं सांगतो, मी इलेक्शनला पडलो तवासुद्धा एवढी झोप उडाली न्हवती. पोर बोलणार काही न्हाई, नुसती कुंडीकडं बघंल, आन् तेच मला सहन व्हायचं न्हाई.

बाकी भेटल्यावर बोलू. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा,
पोपटराव

ता. क. : खिडकीतला तो वेल अजून हाय ना? त्याच्या दोन-तीन कांड्या गाठीखाली कापून, ओल्या फडक्यात गुंडाळून सत्यजीतच्या हाती द्या. मी गुपचूप कुंडीत लावून टाकतो. अनुपमाला कळू देऊ नका.

ता. क. २ : पत्र कुणाच्या हाती लागू नये म्हणून डिंकाच्या लाडवांच्या डब्यात तळाशी घालतोय. कुरकुंभला ड्युटीवर जाताना सत्यजीत डबा पोचवील.

ता. क. ३ : पत्र पुन्हा बाहेर काढून लिहितोय. डब्याचं झाकण लावताना हिनं विचारलं, लाडू कुणाला? म्हटलं, बाळंतिणीला. "मग डबा उघडणार कोण?" म्हणाली. सत्यजीत गाडी चालू करून उभा हाय आन् घरात पाकीट न्हाई. तर अनुपमा, आता वाचलंच हायस, तर आईच्या वेलाची कांडी तूच कापून आण आन् लावायचीही तूच. मी नातीला घेऊन लांब उभा राहीन.