शाळेच्या फाटकावरची कोयरी

निमगाव सावा,
२० जानेवारी २००५

ती. स्व. अक्कास,

धाकट्या हौशीरामचा दोन्ही हात जोडून नमस्कार. इकडे आम्ही खुशाल, कांदा बरा आहे, म्हैस गाभण आहे. तिकडे पेठेला गारठा जास्त असेल, तुझा गुडघा कसा आहे? मी पाठवलेलं तेल लावतेस की कोनाड्यात ठेवून त्याला उदबत्ती ओवाळतेस? फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. पण फोनवर तू 'नाय' म्हणून ठेवून देतेस. पत्र शेवटपर्यंत वाचावं लागतं. तेव्हा वाच.

आशाची नर्सची बदली घोडेगावला झाल्यापासून पोरीची आई फक्त रविवारी घरी असते, हे तुला माहीत आहे. त्यामुळे श्रेयाला आळेफाट्याच्या शाळेत एम-एटी गाडीवरून नेणं-आणणं माझ्याकडे आलं. तिथली रीत अशी, की आया फाटकाजवळच्या करंजाखाली उभ्या राहतात आणि बाप लोक रस्त्यापलीकडच्या गॅरेजवर. हा नियम कुणी केला माहीत नाही, पण मोडला की सगळे बघतात. सहा महिने मी गॅरेजवर काढले. (मेकॅनिक आता मला पाना धरायला लावतो.) पण सुट्टी कधी, डब्यात काय, कपडे कुठल्या रंगाचे, हे सगळं ज्ञान करंजाखाली. फळ्यावर सूचना लागते, पण ती इंग्रजीत, आणि मी निम्म्यावर पोचेपर्यंत वॉचमन फाटक लावतो.

त्यातून डिसेंबरात घोळ झाला. शाळेत पिवळ्या कपड्यांचा दिवस होता. सगळी पोरं हळदीत लोळल्यासारखी पिवळी, आणि मधोमध आमची श्रेया निळ्या गणवेशात. त्याच दिवशी वर्गाचा फोटो काढला. पोरगी रडली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी गाडीवर मागून तिने शांतपणे विचारलं, "पप्पा, तुमाला त्या बायकांची भीती वाटती का?" अक्का, मला रात्री जेवण गेलं नाही. तेव्हाच ठरवलं, काहीही होवो, रस्ता ओलांडायचा.

पहिल्या दिवशी ओळख वाढवायला घरचे टोमॅटो पाटीत घालून नेले. वॉचमनने मला भाजीवाल्यांच्या रांगेत नेऊन बसवलं. एका आजीबाईंनी टोमॅटो दाबून बघितला आणि कोथिंबीर नाही म्हणून चार शब्द सुनावले. दुसऱ्या दिवशी रिकाम्या हाताने गेलो, तर मी जवळ जाताच बोलणं बंद. तिसऱ्या दिवशी मात्र हिय्या करून विचारलं, की लाडू कडू होऊ नयेत म्हणून मेथीचं पीठ तुपात किती दिवस भिजवायचं? (मला खरंच हवं होतं, आशाची कंबर दुखते.) एकीने दोन दिवस सांगितलं, दुसरीने आठ, तिसरीने तूप काढून दूधच घातलं. त्यांची आपसात इतकी जुंपली, की मी पुरुष आहे हे त्या विसरून गेल्या. तेव्हापासून करंजाखाली माझी जागा पक्की आहे.

पण गाडी पुढे अडली. गॅदरिंगच्या नाचाचे कपडे ठरायचे संक्रांतीच्या हळदीकुंकवात, रोज एकीच्या घरी, आणि तिथे मला कोण बोलावणार? श्रेया पुन्हा निळ्यात उभी राहणार. मग मीही हट्टाला पेटलो. देव्हाऱ्यातली कुंकवाची कोयरी खिशात घातली (शर्टाचा खिसा अजून लाल आहे) आणि फाटकावर सगळ्यांना आमंत्रण दिलं, पुढच्या शुक्रवारी आमच्या घरी. कोयरी पुढे केली, तर कुंकू कुणी कुणाला लावायचं हे मलाही कळेना आणि त्यांनाही. शेवटी वृषालीताईंनी, म्हणजे स्टँडवरच्या हॉटेलवाल्यांच्या मंडळींनी, स्वतःच बोट बुडवून लावून घेतलं आणि विचारलं, "भाऊ, पन घरी कुंकू लावायला बाईमाणूस कोन?" उत्तर मी दिलं. ते इथे लिहायला जागा नाही.

मुलांना आशीर्वाद, तेल लाव, गारठ्यात फिरू नकोस.

तुझा,
हौशीराम

ता. क. वाणाला चहाच्या एकवीस गाळण्या आणल्या आहेत. त्या आता परत घेत नाहीत.

ता. क. दुसरा. उत्तर असं दिलं, "आमची अक्का लावंल." दाजी गेल्यापासून तू कुणाच्या हळदीकुंकवाला पाऊल टाकलं नाहीस. गेल्या संक्रांतीला आपल्याच घरात मागच्या पडवीत बसून तू तीळ निवडत होतीस, ते मी बघितलं आणि गप्प बसलो. त्याची मला लाज वाटते. म्हणून दाजी नाहीत हे त्या बायकांपासून लपवलं नाही. मग वृषालीताई म्हणाल्या, "मंग मी माझ्या आईला पन आनते. ती बी आतच बसून असती." आशाला विचारलं आहे, ती म्हणाली, अक्कांशिवाय करूच नका. गुरुवारी दुपारच्या एसटीने ये, मी फाट्यावर उभा आहे.

ता. क. तिसरा. श्रेया शेजारीच बसली आहे. लिहा म्हणते, आत्याला त्या बायकांची भीती वाटती का?