दगडांवरचे आकडे

सांगली

प्रिय तात्याबा,

तुझे गुडघे कसे आहेत? रंगुवहिनींचा खोकला थांबला का? नातवाचा, मल्हारचा मोडलेला हात आता वळतो का? आणि तुझी ती म्हातारी शेळी? तिचंही कळव. देवळामागची भिंत पडल्यापासून तू हातोड्याला शिवत नाहीस, शेळीला पाला आणण्यापुरताच उंबऱ्याबाहेर पडतोस, असं वहिनी फोनवर सांगत होत्या.

आमचं सगळं झकास. दोन महिने लेकीकडं, सोनमकडं, जपानात राहून परवाच आलो. तिची नोकरी कुमामोतो नावाच्या शहरात. मी पोचल्या-पोचल्या म्हणाली, आबा, चला किल्ला बघायला. म्हटलं, उभा जन्म साताऱ्याकडचे दगड फोडण्यात गेला गं, मला काय किल्ला दाखवतेस! पण गड्या, बघतच राहिलो. चारशे वर्षांची भिंत. खाली पायघोळ झग्यासारखी पसरलेली, वर जाईल तशी ताठ होत गेलेली. चढणाऱ्या शत्रूचा पाय निसटलाच पाहिजे. आणि वेढा पडला तर उपास घडू नये म्हणून, म्हणे, बसायच्या चटयांत अळूचे वाळके देठ भरून ठेवलेले. अंथरूण शिजवून खायचं! मला वहिनींचं फदफदं आठवलं आणि मी एकटाच हसत सुटलो.

तर २०१६ साली तिथं मोठा भूकंप झाला. आपल्या लहानपणी कोयनेला झाला होता तसा. भिंती ढासळल्या. पण त्यांनी दगड टाकून दिले नाहीत रं. मैदानात ओळीनं मांडलेत, दगडागणिक आकडा. जुने फोटो बघून ज्याला त्याला त्याच्या जागी बसवतात. काम संपणार २०५२ साली! मी सोनमकरवी तिथल्या माहिती सांगणाऱ्या माणसाला विचारलं, हाताखाली घेता का? तो वाकून नमस्कार करायला लागला, म्हणून मीही वाकलो. तो थांबेना, मी थांबेना. शेवटी दोघांच्याही कमरा धरल्या.

मग त्यानं भिंतीच्या पोटात काय असतं त्याचं चित्र दाखवलं. मोठ्या दगडांमागं बारक्या दगडांचा जाड थर, पाणी निचरून जावं म्हणून. ते बघून माझं हसू गेलं. सोनमला वाटलं, मला चक्कर आली.

तात्याबा, चाळीस वर्षांपूर्वी देवळामागची ती भिंत आपण दोघांनी बांधली. दर्शनी दगड तू लावलेस, मागची भरणी माझी होती. शेवटचे दोन दिवस तू तापानं घरी होतास आणि मला औंधच्या यमाईच्या जत्रेतल्या कुस्त्या गाठायच्या होत्या. खडी फोडायचा कंटाळा केला आणि माती लोटून मोकळा झालो. त्या मातीत पाणी तुंबलं, भिंत फुगली. गाव म्हणालं, तात्याबाची भिंत पडली. तू मान खाली घातलीस आणि मी गप्प बसलो. तुझा एकही दगड चुकला नव्हता, गड्या. हे फोनवर बोलायची छाती झाली नाही, म्हणून हा कागद. पुढच्या रविवारी पहिल्या एसटीनं येतोय. देवळात गाव जमवून सगळ्यांसमोर हेच सांगणार आहे. तोवर तो ढिगारा कुणाला उचलू देऊ नकोस, दगडांवर गेरूनं आकडे आपण दोघं घालू. यावेळी खडी मी फोडणार, तू नुसता बसून दगड दाखव. मिळाल्याबरोबर दोन ओळी लिही. शिव्या घातल्यास तरी चालतील, पण खाली एवढं लिही, की गेरू भिजत घातलाय.

तुझाच,
नानासो