चाचणी फीत, ठेवू नये

२ जानेवारी, सकाळी १०.२०
नवीन वर्ष, नवीन वही. संकल्प एकच: यंदा कायम होणार. ध्वनि-चित्र संग्रहात बावीस वर्षं अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर काढली. याचा अर्थ वरच्यांना माझी खात्री पटायला जरा वेळ लागतोय, एवढाच.
तळघरात आज व्हिनेगरचा वास जास्त. जुन्या फिल्म कुजायला लागल्या की हा वास सुटतो. बायकोचं म्हणणं, तो मलाही सुटतो. आधी आंघोळ, मग चहा. संकल्प दुसरा: वासाबद्दल संचालक मॅडमना पत्र. आजवर एकतीस पत्रं झाली. उत्तर एकाचं आलं, तेही चुकून. पाण्याच्या टाकीबद्दल होतं.

५ जानेवारी
कायम पदाची जाहिरात लागली. अभिलेखपाल, जागा एक. अनुभव किमान पंधरा वर्षं, वय तीसच्या आत. म्हणजे उमेदवाराने शाळेच्या दप्तरासकट तळघरात उतरायला हवं होतं. शिवाय एक पदविका हवी. ती सुरू झाली तेव्हा मला नोकरी लागून नऊ वर्षं झाली होती, आणि तिच्या पहिल्या तुकडीला तीन लेक्चरं मीच दिली होती.
टायपिंगची चूक असणार. मॅडमना भेटलं की काम झालं.
संध्याकाळी: मॅडम मीटिंगमध्ये.

९ जानेवारी
ताईचा फोन. ओरडूनच बोलते हल्ली. डावा कान पूर्ण गेलाय, उजवाही निघालाय. तो फार तर वर्षभर टिकेल असं धरून चालायला डॉक्टरांनी सांगितलंय. मी म्हणालो, डॉक्टर वाढवून सांगतात. ती म्हणाली, सांगत असतील बाबा, पण कान आहे तोवर एकदा आईचा आवाज ऐकव.
आई जाऊन चौदा महिने झाले.
आईचं कुणाच्याच फोनमध्ये काही नाही, ते तुझ्यामुळे, असंही ताई म्हणाली. हे एकांगी आहे. मी एवढंच म्हणायचो की फोनमधला आवाज दाबलेला असतो, त्याला काही जतन म्हणत नाहीत. आईला रीतसर स्टुडिओत बसवू, चांगला माइक लावू. कुणी फोन काढला की खाली ठेवायला लावायचो. स्टुडिओची तारीख दोनदा ठरलीसुद्धा होती.
पण एक फीत आहे. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी चष्मा घरी विसरलो होतो, तो द्यायला आई ऑफिसात आली होती. स्पूल मशीन नुकतंच दुरुस्त होऊन आलं होतं. ते नीट चालतंय का बघायला मी तिलाच माइकसमोर बसवलं. अर्धी फीत भरली होती हे नक्की आठवतं, म्हणजे चांगलं अर्धा तास बोलली असणार.
ताईला म्हटलं, सत्तावीस फेब्रुवारीला ये. आईला तुझ्यासमोर बोलती करतो. माझ्यासारख्याला एक फीत शोधायला किती वेळ लागणार? आठ दिवस. फार तर दहा.

१९ जानेवारी
दहा दिवस झाले. सूचीत 'आई' खाली पाहिलं. आईस्क्रीम कारखान्याचं उद्घाटन सापडलं. 'कुटुंब' खाली कुटुंबनियोजनाच्या चोवीस फिती. 'चष्मा' खाली एक डोळ्यांचे डॉक्टर, तीन भाग. सूची मीच केलेली आहे, त्यामुळे दोष सूचीत नाही.
ताईचा फोन आला. काम अंतिम टप्प्यात आहे म्हणालो.

२२ जानेवारी, दुपारी ३.४०
सुवर्णदिन. मॅडमनी स्वतः बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं की त्यांनी माझी नियमावली वाचली. दोनशे बारा पानं! सहा वर्षं घालून लिहिली होती. आजवर ती फक्त बायकोने चाळली होती, आणि तिनेही अकराव्या पानावर घडी घालून ठेवली ती कायमची. मॅडमनी पिवळ्या रंगाने ओळी रंगवल्या होत्या. त्यांना नियम क्रमांक चौदा विशेष आवडला: 'ज्या फितीवर चाचणी असे लिहिले असेल ती ठेवू नये. जागा अडते. प्रथम निकालात काढावी.' किती सुटसुटीत लिहिता हो तुम्ही, असं म्हणाल्या.
जाहिरातीचा विषय आज काढला नाही. आनंदाच्या वेळी माणसाने हावरटपणा करू नये.

२४ जानेवारी
नियम चौदाची अंमलबजावणी. तीनशे सहा चाचणी फिती, एक टेम्पो, थेट भंगारात. आदेशावर माझीही सही लागत होती, ती जरा झोकात केली. मागचं कपाट रिकामं झाल्यावर खोली एकदम ऐसपैस वाटायला लागली. सुधारणा हवी तर अशी. आईची फीत आता पटकन सापडेल, गर्दी कमी झाली.

३१ जानेवारी, सकाळी ११.०५
स्पूल मशीन साफ केलं. कोरी फीत चढवली, एक-दोन-तीन म्हणून आवाज घेतला, फीत उतरवली, डबीत घातली, आणि सवयीने पेन काढून डबीवर लिहिलं: चाचणी.

११.३०
अजून खुर्चीतच आहे. 
पहिल्या आठवड्यातही हेच लिहिलं असणार. दुसरं काय लिहिणार होतो? 'आई' लिहायला ते काय घर होतं?

१ फेब्रुवारी
भंगारवाल्याकडे गेलो. भला माणूस. म्हणाला, साहेब, स्पूलचा पत्रा तेवढा कामाचा, फीत काय चाटायची. बरीचशी फीत एक भाजीवाला घेऊन गेला, पिकावर ताणली की पाखरं येत नाहीत. भाजीवाल्याच्या शेतावर गेलो. फ्लॉवरच्या वाफ्यांवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिती ताणलेल्या, वाऱ्याने सारख्या गुणगुणत होत्या. मी वाकून एकेका फितीला कान लावला. हे शास्त्राला धरून नाही, मला कळतं. भाजीवाल्याने लांबून विचारलं की काही हरवलंय का. नाही म्हणालो, पाहणी चालू आहे.
घरी चिखलाचे बूट पाहून बायकोने कारण विचारलं. फील्ड वर्क म्हणालो.

६ फेब्रुवारी
पाच दिवसांची रजा, भंगारवाल्याची एकशे दहा पोती. आज चौऱ्याऐंशीव्या पोत्यात डबी सापडली. 'चाचणी १', खाली तारीख, खाली माझी सही, आणि आत फीत तशीच. तेव्हाही झोकात करायचो.
भंगारवाल्याला मिठी मारली. तो म्हणाला, अहो, अंगाला ग्रीस आहे.
आता चिंता संपली. बाकी सगळं तांत्रिक.

८ फेब्रुवारी
फीत चिकट झाली आहे. फितीवरच्या लेपाचा गोंद जुना झाला, त्यात भंगारातली ओल. अशीच वाजवली तर मशीनला चिकटून सोलली जाईल, आणि आई आवाज वाचणाऱ्या हेडवर तपकिरी भुकटी होऊन बसेल. उपाय मला पाठ आहे (नियमावली, पान एकशे साठ): चौपन्न अंशांवर आठ तास शेकायची, मग थोडे दिवस चिकटपणा जातो. त्यासाठीची भट्टी मी बारा वर्षांपूर्वी मागितली होती. पत्र क्रमांक सतरा.
त्यात मशीनचा पट्टा आज तुटला. हे मशीन इमारतीतलं शेवटचं. हा पट्टा आता कुणी बनवत नाही.

१२ फेब्रुवारी
आमच्या जुन्या मेकॅनिकना, मशीनकाकांना, आणलं. सोळा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. हात थरथरतात, पण मशीन उघडलं की थांबतात. त्यांनी सायकलच्या ट्यूबमधून पट्टा कापून बसवला. म्हणाले, फार तर दहा-बारा वेळा चालेल, जपून वापर. आणि वाजवताना स्पीकरच वापर, दुसरं काही जोडलंस तर आतलं जुनं वायरिंग दम तोडेल. मी म्हणालो, काका, एकदाच वाजवायची आहे, अधिकृत प्रत नंतर सवडीने घेऊ.
माझ्या जागी कोण येणार, असं काकांनी विचारलं. मी हसलो.

१५ फेब्रुवारी
फीत घरच्या ओव्हनमध्ये. बायको म्हणाली, सासूबाईंनी आयुष्यात या ओव्हनला हात लावला नाही, विजेचं बिल येतं म्हणून, आणि आता त्यातच बसवल्यात. ओव्हनचा काटा साठच्या खाली नीट उतरत नाही. म्हणून दार किती उघडं ठेवायचं याचा मी तक्ता केला. तक्ता करता करता डोळा लागला.
जाग आली तेव्हा सात तास झाले होते. बायको स्टुलावर बसलेली, एका हातात स्वयंपाकाचा थर्मामीटर आणि दुसऱ्यात लाटणं, दाराला टेकू द्यायला. जेवलीही नव्हती.
प्रयोग यशस्वी. माझा तक्ता अचूक होता.

१८ फेब्रुवारी
मॅडमचं पत्र. हाताने दिलं, शिपायाकरवी नाही, ही मोठीच गोष्ट. त्यात लिहिलंय की माझी नियमावली इतकी परिपूर्ण आहे की ती वाचून कोणीही हे काम करू शकेल, त्यामुळे वेगळ्या माणसाची गरज उरलेली नाही. करार अठ्ठावीस फेब्रुवारीला संपेल. स्पूल मशीन त्याच सकाळी स्वागतकक्षात शोभेसाठी ठेवण्यात येईल, आतले भाग काढून.
दोनदा वाचलं. 'परिपूर्ण' या शब्दाखाली रेघ मारली.
बायकोला सांगितलं की माझ्या कामाची लेखी दखल घेतली गेली. तिने पत्र मागितलं, वाचलं, घडी घातली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ काढला नाही. मला भीती वाटली. पहिल्यांदाच.

२३ फेब्रुवारी
संकल्प: खासगी सल्लागार होणार. व्हिजिटिंग कार्डाचा मजकूर तयार.
शेजाऱ्यांनी पहिलं काम दिलंसुद्धा. त्यांच्या टीव्हीचा रिमोट चालत नाही.

२६ फेब्रुवारी
फीत आधी एकदा ऐकून घ्यावी का? नको. पट्टा मोजून दहा-बारा वेळा. शिवाय अर्धा तास आई बोलते आहे हे मला माहीत आहे. ताईसोबतच ऐकू. ताईसाठी दोन शब्दांचं प्रास्ताविक लिहिलं, चार पानं झालं.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.१५
ताई अकराला आली. जिना उतरताना तिने माझा हात धरला, उजवा कान माझ्याकडे करून. तिला स्पीकरला लागून बसवलं. बायको तिच्या मागे उभी. मशीनकाका पट्ट्यावर नजर ठेवून. मी प्रास्ताविकाचे कागद काढले. बायको म्हणाली, लावा आता.
लावली.
आधी खुर्ची सरकल्याचा आवाज. मग आई. स्वच्छ, शेजारच्या खोलीतून बोलावं तशी. विचारते, काय बोलू रे? मग मी, बावीस वर्षांनी तरुण आणि घाईत: काहीही बोल गं, नुसती चाचणी आहे, ठेवायचं नाहीये.
त्यावर आई म्हणाली, ठेवायचं नाही, तर मग कशाला बोलू? चष्मा घे. निघते मी.
मग दार. आणि मग एकतीस मिनिटं मी. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. मध्ये एकदा शिंक.
आम्ही चौघांनी शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटत होतं ती काहीतरी विसरली असेल, परत येईल. फीत संपून स्पूल नुसतंच फिरायला लागलं, तेव्हा काकांनी बटण दाबलं. मी रडलो, हे इथे लिहून ठेवतो. प्रास्ताविकाच्या कागदांना नाक पुसलं.
ताई मात्र रडली नाही. म्हणाली, पुन्हा लाव, पहिलं तेवढंच. लावलं. पुन्हा म्हणाली. पुन्हा लावलं. 'मग कशाला बोलू' आलं की ती दर वेळी थोडी हसायची. आई अगदी अशीच, म्हणायची.
सहाव्या वेळी तिने पर्समधून फोन काढला आणि स्पीकरसमोर धरला. फोनमधला आवाज दाबलेला असतो. तिचा हात हलत होता, म्हणून मनगट धरून राहिलो, आणि श्वास रोखला. पट्टा नवव्या वेळी तुटला.
उद्या सकाळी मशीन वर जाईल. किल्ल्या मॅडमच्या टेबलावर ठेवल्या. मॅडम मीटिंगमध्ये होत्या.
बसस्टॉपवर ताईने चष्मा लावला आणि फोन माझ्यापुढे केला. फोन विचारत होता, या रेकॉर्डिंगला नाव काय द्यायचं. तिला ते माझ्याकडूनच हवं होतं. तुझं कामच आहे ते, म्हणाली. बस आली. मी तिच्या उजव्या कानाशी वाकून सांगितलं, काहीही लिही, फक्त चाचणी लिहू नकोस.