बाबा, तुमचं ते ‘देखसूत’

बाबा, तुम्हाला मातीआड करून वीस वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा राग काही जात नाही. आपल्या घरी भाकरीआधी प्रत्येकानं शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, एक वचन म्हणायचं, नाहीतर ताट मिळायचं नाही. मिशनच्या शाळेचे मास्तर तुम्ही. शलमोन राजाची नीती तुम्हाला तोंडपाठ. वेळेवर बोललेला शब्द म्हणजे रुप्याच्या ताटातलं सोन्याचं फळ, हे तुमचं सगळ्यात लाडकं. एकदा पाहुण्यांसमोर मी "बाजरी संपली" म्हणून गेले, तर तेच वचन दहा वेळा म्हणायला लावलंत. तोवर भाकरी गार झाली.

आणि मग तो दिवस. तळोद्याहून मडमबाई बैलांच्या दमणीतून आल्या. मिशनच्या दवाखान्यात नर्सचं काम शिकायला एका मुलीची जागा आहे, तुमची पाठवता का, असं त्यांनी तुम्हाला विचारलं. मी चुलीपाशी भाकरी थापते आहे, हात पिठात, कान ओसरीवर. आत्या फटकन म्हणते, "पोरनी जात शे, इतली दूर कसाले धाडस तिले?" आणि तुम्ही काय म्हणालात? "देखसूत." बघू म्हणे! मोठ्या बहिणीचा शब्द चारचौघांत तोडायचा नाही, योग्य वेळ आली की बोलायचं! अहो, योग्य वेळ ओसरीवर चहा पीत बसली होती.

तीन दिवस आत्याची समजूत घालून तुम्ही चालत तळोद्याला गेलात. जागा धानोऱ्याच्या मुलीला गेली होती. परत आलात ते एक पिवळाधमक आंबा घेऊन. "जागा भराई गयी, बेटा. खाई ले." मी तो तुमच्यादेखत शेळीला घातला. निदान तेव्हा तरी रागवाल असं वाटलं होतं.

मग लग्न, रनाळ्याचं घर, चार मुलं. संसार वाईट झाला असं नाही. पण दवाखान्यात पांढऱ्या साडीतली बाई दिसली की अजून चरफडते. आमच्या बाबांनी एक शब्द वेळेवर टाकला असता तर, हे ऐकून ऐकून मुलांचे कान किटले.

हा कागद शास्त्राच्या पानांत ठेवून देते, तुमच्या त्या वचनापाशी. एक गोष्ट मात्र मुलांना कधी सांगितली नाही. निघताना मडमबाई चुलीपर्यंत आल्या होत्या. त्यांनी मलाच विचारलं, "तुला यायचं आहे का?" मी भाकरी उलटली, आणि तुमच्याकडे पाहिलं.